गादीखालची वही

रविवार, १० डिसेंबर २०००. रक्कम नऊ हजार सहाशे सिंगापूर डॉलर. हजर चौघे : माझे बाबा एलिजा, आई मिल्का, आईचा थोरला भाऊ रूबेनमामा आणि मी, नओमी, वय वर्षं पंधरा. ठिकाण सिंगापुरात, वुडलँड्समधला आमचा भाड्याचा फ्लॅट, सातवा मजला, दोन बेडरूम आणि हॉल. वेळ सकाळी साडेअकरा ते दुपारी दीड. एवढं आधी लिहून टाकते, कारण त्या दोन तासांबद्दल आमच्या नात्यात पुढे जे सांगितलं गेलं त्यात रक्कम कधी बारा हजार झाली, कधी पाच. हजर माणसं कधी सात झाली. आणि एका सांगण्यात तर मी घरातच नव्हते. मी होते. त्यातला महत्त्वाचा अर्धा तास मी गादीवर आडवी होते आणि माझ्या पाठीखाली ती वही होती.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. हे शेजारच्या चिनी काकूंना समजावता समजावता आईने हात टेकले होते. काकूंच्या मते आम्ही हिंदूच, फक्त शनिवारी सुट्टी घेणारे. घरात बोलणं मराठी, शुक्रवारी संध्याकाळी दिवे, भिजवलेल्या किसमिसांचं शरबत आणि नारळाच्या दुधातली माशांची आमटी. त्या आमटीच्या वासाने कॉरिडॉरमधून जाणारी माणसं रेंगाळत. वरच्या मजल्यावर रविवारी माहजोंगच्या सोंगट्या खळखळत, आणि ताडकन आपटल्या की कोणीतरी जिंकलं हे आम्हाला खालून कळे. शनिवारी जेवण झालं की बाबा त्या आठवड्याचा शास्त्रपाठ मराठीतून मोठ्याने वाचत. माझा तेव्हा डोळा लागायचा, पण ऐकलेलं आत कुठेतरी राहायचं. आईचं तसं नव्हतं. ती भांडी विसळता विसळता पुढचं वाक्य बाबांच्या आधी म्हणायची, कारण ती नानांची मुलगी.

नाना म्हणजे आईचे वडील. ते कीर्तनकार होते. अलिबागपासून मुंबईपर्यंत आमच्या लोकांत त्यांचं कीर्तन असे. विठ्ठलाचं नव्हे, तर अब्राहाम, योसेफ, मोशे यांच्या कथांचं. ढंग मात्र सगळा मराठी : ओवी, साकी, दिंडी, मध्येच नकला. तरुणपणी बाबा त्यांच्या मागे पेटी वाजवत, आणि आई-बाबांची ओळख तिथलीच. मामाला या सगळ्याची लाज वाटायची. बाप कीर्तनाला उभा राहिला की तो फुटबॉलला पळायचा. हे त्यानेच मला मोठ्या अभिमानाने सांगितलं होतं. नानांची सगळी आख्यानं एका जाड, लाल कापडी पुठ्ठ्याच्या वहीत होती. शेवटची चार वर्षं ते आमच्याकडे वुडलँड्सला राहिले, कारण मामाच्या कॉन्डोत त्यांच्यासाठी खोली निघाली नाही. डोळे गेले तेव्हा ते सांगत आणि आई स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून वहीत उतरून घेई. शेवटची सव्वीस पानं आईच्या अक्षरातली. पुठ्ठ्याला कायम हळदीचा वास. नाना गेले. महिना पुरा झाल्यावर मामा आला आणि त्यांची ट्रंक घेऊन गेला. "मुलगा मी आहे," एवढंच म्हणाला. वही ट्रंकेत होती. आई म्हणायची की नानांनी वही तिला दिली होती. ते खरं असेल, पण देताना तिसरं कोणी हजर नव्हतं, हे मला लिहायलाच हवं.

आता बाबांचं. बाबा चौदा वर्षं मामाच्या कंपनीत होते. जहाजांना धान्य, भाजी, मटण, दोरखंड, साबण, जे लागेल ते पुरवायची कंपनी. आज ज्या भागाला हार्बरफ्रंट म्हणतात तिथे तिचं गोडाऊन होतं. बाबा गोडाऊनही सांभाळत आणि हिशेबही. वुडलँड्सहून MRT म्हणजे मेट्रो, पुढे बस, जाऊन-येऊन तीन तास. पगार चोवीसशे आणि वर्षाअखेर तेरावा पगार, असं ठरलेलं. तो तेरावा पगार शेवटची चार वर्षं मिळाला नव्हता. चार गुणिले चोवीसशे, नऊ हजार सहाशे. दर डिसेंबरात मामा नवं काहीतरी सांगे : यंदा धंदा मंद आहे, यंदा मलाच नाही, पुढच्या वर्षी दोन्ही मिळून घे. बाबा 'बरं भाऊ' म्हणत आणि खिशातल्या डायरीत लिहून ठेवत. गोडाऊनमधून कधी बिस्किटाचा पुडाही घरी आला नाही. एकदा मी पेन्सिल मागितली तर ते म्हणाले, "ती कंपनीची आहे," आणि संध्याकाळी विकत आणून दिली. मला तेव्हा त्यांचा राग आला होता. आज मी लोकांचे हिशेब तपासण्याच्याच व्यवसायात आहे आणि माझी मुलगी माझ्यावर याच कारणासाठी रागावते.

नोव्हेंबरात बाबांना दुसरीकडे नोकरी मिळाली. त्यांनी महिन्याची नोटीस दिली आणि थकलेले पैसे लेखी मागितले. मामाला नोटिशीपेक्षा ते 'लेखी' जास्त झोंबलं. त्याच सुमारास परदेशातल्या एका संग्रहालयाने त्याच्याशी पत्रव्यवहार सुरू केला होता. अशा जुन्या वह्या ते गोळा करत, आणि वही देणाऱ्याच्या नावाची पाटी लावत. मामाने कपाट उघडलं तर वही गायब.

वही आमच्या घरात होती. मामी तापाने पडली होती म्हणून आई सूपचा डबा घेऊन तिच्याकडे गेली होती, आणि परत आली ती डब्याच्या पिशवीत वही घालून. मी अभ्यास करत होते. तिने माझ्या खोलीत येऊन गादी उचलली, वही खाली सरकवली, चादर नीट केली आणि म्हणाली, "बाबांना बोलायचं नाही." मी विचारलं, "का?" ती म्हणाली, "ते परत करतील म्हणून." बाबांना तिच्याइतकं ओळखणारं दुसरं कोणी नव्हतं.

नऊ डिसेंबरचा शनिवार. त्या आठवड्याचा पाठ याकोब आणि लाबान यांचा होता. तो आम्ही निवडला नव्हता, दरवर्षी तो त्याच सुमारास येतो. ज्यांना ती कथा माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात : याकोब आपल्या मामाकडे, लाबानाकडे, वीस वर्षं राबतो. लाबान त्याचा पगार दहा वेळा बदलतो. शेवटी याकोब बायकामुलं घेऊन निघतो, तेव्हा त्याची बायको राहेल, लाबानाचीच मुलगी, आपल्या बापाच्या घरातल्या देवमूर्ती गुपचूप उचलते. लाबान पाठलाग करत येतो. याकोबाला चोरीचा पत्ता नाही. तो म्हणतो, झडती घे, ज्याच्याकडे तुझे देव सापडतील तो जगणार नाही. राहेल मूर्ती उंटाच्या खोगिरात दडवून त्यावर बसून राहते आणि बापाला म्हणते की मला उठता येत नाही, पाळी आली आहे. लाबान हात हलवत परत जातो. पण ती पुढे बाळंतपणात मरते, आणि नाना सांगत की ते नवऱ्याच्या त्या शब्दाने झालं. हे सांगताना ते पेटी थांबवायला लावत. बाबांनी शनिवारी झडतीपर्यंतचं सगळं वाचलं. मी त्या दिवशी जागी होते. आई पाठमोरी ताटं पुसत होती आणि त्या दिवशी तिने पुढचं एकही वाक्य आधी म्हटलं नाही.

रविवारी मलिदा होता. नवी नोकरी लागली, देवाचे आणि एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याचे आभार मानायचे, म्हणून आईने पोहे भिजवून त्यात साखर, ओलं खोबरं, वेलची घातली होती. ताटाभोवती पाच तऱ्हेची फळं लावली होती. बाबा टोपी घालून प्रार्थना म्हणणार एवढ्यात बेल वाजली. मामा. हातात काळी बॅग. त्याने चपला काढल्या नाहीत.

"काय, पार्टी?" तो म्हणाला. "माझ्या पैशांवर?"

"मलिदा आहे, दादा. बस," आई म्हणाली.

"बसायला नाही आलो. नानांची वही कुठाय?"

"तुमच्याकडे," बाबा म्हणाले. त्यांनी ते इतक्या सहज म्हटलं की मामा क्षणभर थांबला.

"ज्याने नोकरी दिली त्यालाच उलट ऐकवतोस? चौदा वर्षं तुला पोसला, एलिजा. तुझी बायको, तुझी पोरगी, ही खुर्ची, हा पंखा, सगळं माझं आहे. जाताना आणखी एक वस्तू उचललीस."

बाबा सहसा आवाज चढवत नसत. त्या दिवशीही चढवला नाही, पण त्यांनी खिशातून डायरी काढली. मला भीती वाटली ती डायरीची. "भाऊ, कोल्डरूम बंद पडली तेव्हा एकशेदहा किलो मटण गेलं. मी तीनदा सांगितलं होतं मशीन बदला म्हणून. ते माझ्या पगारातून कापलंत. जहाज लवकर सुटलं, अंडी परत आली, ती माझ्या नावावर. चौदा वर्षांत तुमचं एक लिंबू मी घरी आणलं नाही. आणि पगाराचं बोलणं तुम्ही नऊ वेळा बदललंत. लाबानाने दहा वेळा बदललं होतं, तुम्ही एक कमी."

"कोण लाबान?" मामा म्हणाला. "तो भाजीवाला?"

कोणी हसलं नाही. आईने मामाकडे पाहिलं. आज मला वाटतं की आईने त्या क्षणी मनाशी काहीतरी टिपलं : याला काही माहीत नाही. बाबांना मात्र सगळं माहीत आहे, हे तिच्या लक्षातून निसटलं.

मामाने बॅगेतून चेकबुक काढून टेबलावर आपटलं. ताटातलं केळं घरंगळलं. "नऊ हजार सहाशे ना? हे बघ, लिहायला तयार आहे. वही आण, चेक घे."

"वही माझ्या घरात नाही."

"शपथ घे."

"शपथ कशाला? झडती घ्या. या घरात तुमची एक टाचणी निघाली तर ते नऊ हजार सहाशे मी सोडले." बाबा आणखी काही बोलणार होते. तोंड उघडलेलं मी पाहिलं. मग त्यांनी ते मिटलं.

आई तेवढ्यात माझा दंड धरून मला खोलीत घेऊन गेली. "पोट धरून पड," ती म्हणाली. "उठायचं नाही. कोणी सांगितलं तरी." मी पडले. फोमची गादी पातळ होती आणि वहीचा कोपरा बरोबर माझ्या मणक्याशी आला. बाहेर मामा आमचं घर उपसत होता. स्वयंपाकघरातले डबे खणाखण उघडले, तांदळाच्या पिंपात हात घातलेला ऐकू आला. मग कोठीची खोली, तिथे जुने पेपर आणि बाबांची पेटी होती. पेटीचा भाता कोणीतरी ओढला आणि तिने एक लांब, वेडावाकडा सूर काढला. मग आई-बाबांच्या खोलीतलं कपाट. बाबा त्याच्याबरोबर खोलीखोलीत फिरत होते आणि दिवे लावून देत होते. "इथे माळ्यावरही बघा. स्टूल देतो." त्यांना खरोखरच वाटत होतं की झडती पूर्ण झाली पाहिजे. आवाज जवळ येत गेले, आणि मी मनातल्या मनात वरच्या माहजोंगच्या सोंगट्या मोजत राहिले.

दार उघडलं. मामा उंबऱ्यावर, मागे बाबा, मामाच्या पुढ्यात आई.

"हिला काय झालं?"

"रागावू नकोस, दादा," आई म्हणाली. "तिला उठवत नाही. बायकांचं चालू आहे."

मामाचा चेहरा एकदम लाल झाला. तो दोन पावलं मागे सरला, भिंतीकडे बघत पुटपुटला, "बरं, बरं, पडू दे तिला," आणि हॉलमध्ये निघून गेला. आमच्या घरात 'बायकांचं चालू आहे' असं कोणी म्हणत नसे. पाळी म्हणत. आईने म्हटलं ते वाक्य नानांचं. राहेलची नक्कल करताना ते धोतराचा सोगा डोक्यावर घेऊन, बारीक आवाजात, हेच म्हणत : रागावू नका बाबा, मला उठवत नाही, बायकांचं चालू आहे. पुढच्या रांगेतल्या बायका तोंडाला पदर लावत. आईने ते लहानपणापासून इतक्यांदा ऐकलं होतं की गरज पडली तेव्हा जिभेवर तेच आलं. स्वतःचं खोटं तिला सुचलं नाही.

बाबा दारातच उभे होते. त्यांनी आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग गादीकडे. वळून हॉलमध्ये गेले.

बाहेर मामा चेक लिहीत होता. पेन कागदावर घासण्याचा आवाज आतपर्यंत येत होता. "घे," तो म्हणाला. "घे आणि तोंड दाखवू नकोस. माझ्या बापाची वही चोरणारा कोण आहे ते मी शोधीनच. कामवाली असेल. कामवाल्यांचं काय सांगावं." कागद फाडल्याचा आवाज आला. आई माझ्याकडे बघून हसली. वर्षभरात ती तशी हसली नव्हती. मला वाटलं, संपलं. त्या पैशांतून माझी पुढच्या दोन वर्षांची शिकवणी, घराची अनामत, आणि आईने दुकानाच्या काचेबाहेरून बघून ठेवलेलं शिवणयंत्र, हे सगळं आधीच ठरलेलं होतं.

"थांब, रूबेन," बाबा म्हणाले.

चौदा वर्षं ते त्याला भाऊ म्हणत आले होते आणि 'तुम्ही' म्हणत आले होते. खोलीत आईचं हसू जागच्या जागी थिजलं.

बाबा परत आमच्या दारात आले, मामा त्यांच्या मागे. "नओमी, ऊठ."

"पडून राहा," आई म्हणाली.

"ऊठ, बाळ."

"अहो, तिला त्रास होतोय!"

"मिल्का," बाबा म्हणाले, "काल मीच वाचलं ना."

आई-बाबा दोघंही माझ्याकडे बघत होते आणि दोघांपैकी एकाचं ऐकायचं होतं. मी पंधरा वर्षांची होते आणि मला आई जास्त आवडत होती. मी उठले. का उठले याचं उत्तर मी पुढे वेगवेगळ्या वयात वेगवेगळं दिलं आहे. खरं एवढंच, की वही पाठीला टोचत होती आणि बाबांनी हाक मारली होती. त्यांनी गादीचा कोपरा उचलला, वही काढली, बाहीने पुसली आणि मामाच्या हातात दिली.

मामाला आधी काही कळेचना. "तुला माहीत होतं?"

"आत्ता कळलं."

"कसं?"

"तुझ्या वडिलांच्या कीर्तनातलं वाक्य आहे ते. तिने तुझ्या तोंडावर म्हटलं. तुला कळायला हवं होतं."

मामा काय म्हणाला ते सगळं मी लिहीत नाही. त्यातलं बरंचसं आईच्या जन्माबद्दल होतं. बाबांनी त्याला बोलू दिलं. मग ते हॉलमध्ये गेले, चेक उचलला, मामासमोर त्याचे चार तुकडे केले आणि त्याच्याच बॅगेत टाकले. "टाचणी निघाली. पैसे सोडले."

आई तेव्हा पुढे आली. रडत नव्हती. "शेवटची सव्वीस पानं माझ्या हातची आहेत. ती कापून घेते. ती तरी माझी आहेत."

"कापशील तर पोलिसांत जाईन," मामा म्हणाला.

आईने बाबांकडे पाहिलं. बाबा म्हणाले, "वही जशी आणलीस तशीच जाईल."

"ते माझ्या बापाचं होतं!" आई ओरडली. शेजारच्या काकूंचं दार किलकिलं झालेलं मला आमच्या दाराच्या जाळीतून दिसलं. "चार वर्षं त्याचं हगणंमुतणं मी काढलं! हा तेव्हा कुठे होता? आणि तुम्ही, तुम्ही स्वतःला कोण समजता? याकोबही नवराच होता. त्याने नाही बायकोला उघडं पाडलं!"

"त्याला कळलं नव्हतं," बाबा म्हणाले. "मला कळलं."

मामा वही काखेत मारून निघाला. दारात बाबा म्हणाले, "मलिदा घेऊन जा. आलेल्याला तसं पाठवत नाहीत." मामाने मागे वळून ताटाकडे पाहिलं, ताटाच्या कडेवर थुंकल्यासारखं केलं आणि लिफ्टकडे गेला. संध्याकाळपर्यंत पोहे तसेच ताटात कडक होत राहिले. ज्या ताटाची प्रार्थना अर्धवट राहिली ते खायचं की नाही, हे आमच्यात कोणालाच माहीत नव्हतं. शेवटी बाबांनी एकट्याने, टेबलाशी बसून, चमच्याचमच्याने ते सगळं संपवलं.

माझ्या मुलीला मी ही गोष्ट सांगितली तेव्हा ती म्हणाली, "हाऊ कॅन? आजीने स्वतःचीच बुक स्टील केली, अँड आजोबा गेव्ह इट बॅक? सो सिली, लाह." मी तिला सांगितलं की आजीने वही घेतली तेव्हा ती मामाच्या कपाटात होती. ती म्हणाली, "मॉम, यू आर एक्झॅक्टली लाईक हिम." ही तक्रार होती.

आई माझ्याशी सात आठवडे बोलली नाही. बाबांशी कामापुरतं. मीठ, चावी, बिल. जानेवारीत तिने क्लेमेंटीतल्या मराठी पोरांचे डबे सुरू केले. तिथे विद्यापीठाजवळ भाड्याच्या खोल्यांत इंजिनिअर आणि संशोधक राहत, बरेचसे विदर्भातले, बुद्ध जयंतीला आम्हालाही बोलावणारे. घरच्या जेवणासाठी ते काहीही करायला तयार होते. दर रविवारी दहा डबे : माशांची आमटी, भात, दोन पोळ्या, एक करंजी. सकाळी ती दोन मोठ्या पिशव्या घेऊन MRT ने निघे. खर्च जाऊन डब्यामागे चार डॉलर उरत. दहा डबे, चार रविवार, महिन्याचे एकशे साठ. जानेवारीच्या शेवटी तिने एका पाकिटात ते एकशे साठ घातले, वर '१' लिहिलं आणि बाबांच्या ताटाशेजारी ठेवलं.

"हे काय?" बाबांनी विचारलं.

"नऊ हजार सहाशेतले," ती म्हणाली. "चोरी मी केली नाही. पण तुमचे पैसे माझ्यामुळे गेले. ते फेडते."

मला वाटलं बाबा पाकीट परत सरकवतील. त्यांनी ते उघडलं, नोटा मोजल्या, डायरीत लिहिलं आणि खिशात ठेवलं. मी त्या दिवशी त्यांचा जितका द्वेष केला तितका मामाचाही कधी केला नाही. यंदा हे प्रकरण लिहायला घेतलं तेव्हा मी आईला फोन करून विचारलं की तुला तेव्हा काय वाटलं. ती म्हणाली, "त्यांनी 'नको' म्हटलं असतं, तर त्याच रविवारी पिशवी भरून मी निघून गेले असते. माफ करणारे ते कोण?" मग म्हणाली, "आणि त्या दिवशी याकोबासारखं 'तो जगणार नाही' हे पुढचं बोलले नाहीत ते. एवढं मात्र मी त्यांचं मानते."

ज्या महिन्यात पाच रविवार येत, त्यातला पाचवा तिचा स्वतःचा. पहिल्या पाचव्या रविवारच्या पैशांतून तिने लाल पुठ्ठ्याची वही आणली आणि सव्वीस पानं आठवून लिहायला बसली. अडली की मला म्हणे, "विचार त्यांना, याकोब विहिरीवरचा दगड सरकवतो तिथली साकी कशी आहे." बाबा हॉलमध्ये पेपर वाचत असत. मी विचारायच्या आधीच ते पेपर खाली न करता ती साकी मोठ्याने, संथपणे म्हणत, दोनदा, लिहून घेणाऱ्याला वेळ मिळावा म्हणून. मग आई मला म्हणे, "सांग त्यांना, कळलं." मी सांगत असे. राहेलच्या झडतीपाशी ती आली तेव्हा तिने काही विचारलं नाही. त्या दिवशी बाबा पेपर घेऊन खाली जाऊन बसले.

मामाची वही परदेशी गेली, पाटी लागली. संग्रहालयाने वहीत काय आहे याचा सारांश मागितला, तेव्हा मामाने बाबांना फोन केला. शरम वगैरे त्याच्या आवाजात नव्हती. "लिहून दे दोन-चार पानं," म्हणाला. बाबांनी चार पानं लिहिली. आईने पत्रपेटीत टाकायला नकार दिला. मी टाकली. मामाने त्यासाठी काही दिलं नाही, बाबांनी मागितलं नाही, आणि दोघांचं पुढे बोलणं झालं नाही. आता दोघंही नाहीत.

साठावं पाकीट डिसेंबर २००५च्या शेवटच्या रविवारी आलं. आई क्लेमेंटीहून परतली होती, रिकाम्या डब्यांच्या पिशव्या दारातच होत्या. बाबांनी नोटा मोजल्या, डायरी उघडली आणि लिहून आईपुढे सरकवली. आईने चष्मा लावून ते वाचलं आणि म्हणाली, "सही." बाबांनी सही केली. ती डायरी आता माझ्याकडे आहे. शेवटची ओळ अशी : मिल्काकडून १६०. एकूण ९,६००. पूर्ण मिळाले, एलिजा.